वाचकांचे प्रश्न : धुरातून कार्बन वेगळा काढताना ऊर्जा नेमकी कुठे खर्च होते?

मागील अंकात कारखान्यांच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून तो जमिनीखाली साठवण्याच्या प्रयत्नांची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख साठवणुकीपेक्षा वेगळे काढण्याच्या टप्प्याकडे आणि त्याला लागणाऱ्या ऊर्जेकडे आहे. तो योग्यच आहे, कारण एकूण खर्चाचा मोठा वाटा त्याच टप्प्यावर पडतो. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : कोळशावरील वीजकेंद्राच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड काढायचा तर त्या केंद्राची पाचवा हिस्सा वीज त्यातच संपते, असे वाचले. दोन वायू वेगळे करण्यासारख्या कामाला इतकी ऊर्जा का लागावी?

उत्तर : वायू एकमेकांत आपोआप मिसळतात, पण मिसळलेले वायू आपोआप वेगळे होत नाहीत. त्यांना वेगळे करण्यासाठी किमान किती ऊर्जा द्यावीच लागेल, हे उष्मागतिकीचे नियम ठरवतात, आणि ती मर्यादा कोणत्याही यंत्राला किंवा रसायनाला ओलांडता येत नाही. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ टक्के असतो व उरलेला बहुतेक भाग नायट्रोजनचा असतो. अशा धुरातील ९० टक्के कार्बन डायऑक्साइड शुद्ध रूपात काढण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा टनामागे सुमारे ४० ते ५० युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, इतकीच येते. वेगळा काढलेला वायू नळातून वाहून नेण्यासाठी ११० ते १५० बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) दाबापर्यंत दाबावा लागतो आणि त्या कामाला प्रत्यक्षात आणखी शंभरेक युनिट लागतात.

आज चालणाऱ्या संयंत्रांत या दोन्ही कामांचा एकूण खर्च टनामागे २५० ते ३५० युनिटच्या घरात जातो. कोळशापासून १००० युनिट वीज तयार करताना ९०० ते १००० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे लक्षात घेतले की आपण वाचलेला पाचव्या हिश्श्याचा आकडा कुठून आला ते कळते. जुन्या पद्धतीच्या संयंत्रांत तो चौथ्या हिश्श्याच्याही पुढे जातो. दाबण्याचा खर्च बाजूला ठेवला, तर केवळ वेगळे काढण्यासाठी आपण किमान मर्यादेच्या तीन ते पाच पट ऊर्जा खर्च करत आहोत. या क्षेत्रातील सारे संशोधन हे अंतर कमी करण्यासाठी चालले आहे.

प्रश्न : मी रसायन अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. अमाइनच्या द्रावणाला टनामागे साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता लागते, असे आमच्या पुस्तकात आहे. ही उष्णता नेमकी कुठे जाते?

उत्तर : हा प्रश्न सविस्तर उत्तराला पात्र आहे, कारण उष्णता कुठे जाते हे कळल्याशिवाय ती कुठे वाचवता येईल हे कळत नाही.

अमाइन ही अमोनियापासून बनणारी संयुगे. त्यांच्या द्रावणाने वायूतील कार्बन डायऑक्साइड धुऊन काढण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत रॉबर्ट बॉटम्स यांना १९३० मध्ये मिळाले आणि मूळ रचना आजही जवळपास तीच आहे. ४० ते ६० अंश सेल्सियस तापमानाच्या मनोऱ्यात धूर खालून वर जातो, द्रावण वरून खाली येते, आणि अमाइन कार्बन डायऑक्साइडला रासायनिक बंधाने धरून ठेवते. मग हे द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात सुमारे १२० अंशांपर्यंत तापवले जाते, तेथे बंध तुटतो, शुद्ध वायू वरून निघतो आणि मोकळे झालेले द्रावण पुन्हा पहिल्या मनोऱ्याकडे जाते. पहिल्या मनोऱ्यात वायू धरला जाताना उष्णता बाहेरून द्यावी लागत नाही, उलट ती बाहेर पडते. सगळा खर्च दुसऱ्या मनोऱ्यात, म्हणजे धरलेला वायू सोडवताना होतो.

आता हिशेब पाहू. मोनोइथेनॉलअमाइनचे ३० टक्क्यांचे द्रावण घेतले, तर एक किलो द्रावणात ३०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ४.९ मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) अमाइन असते. मोकळे द्रावणही पूर्णपणे मोकळे नसते आणि भरलेले पूर्णपणे भरत नाही, त्यामुळे एका फेरीत दर मोल अमाइनमागे साधारण पाव मोल कार्बन डायऑक्साइड पुढे नेला जातो. याचा अर्थ किलोभर द्रावण फेरीला जेमतेम ५४ ग्रॅम वायू वाहून नेते. एक टन वायू काढण्यासाठी १८ ते १९ टन द्रावण फिरवावे लागते, आणि त्यातील तब्बल १३ टन निव्वळ पाणी असते. एवढे द्रावण ६० अंशांनी तापवायचे म्हटले तर चार गिगाज्यूल त्यातच गेले असते. ते जात नाहीत, कारण दुसऱ्या मनोऱ्यातून येणारे गरम द्रावण पहिल्याकडून येणाऱ्या थंड द्रावणाला वाटेत आपली उष्णता देते. या उष्णता-विनिमयकात दोन प्रवाहांमधला फरक १० अंशांवर आणला, तर द्रावण तापवण्याचा खर्च सुमारे ०.७ गिगाज्यूल उरतो आणि ५ अंशांवर आणला तर तो निम्मा होतो. मात्र फरक जितका कमी करू तितका विनिमयकाचा पृष्ठभाग, आणि पर्यायाने त्याची किंमत, वाढत जाते.

खर्चाचा सर्वांत मोठा भाग बंध तोडण्याचा. दर मोल कार्बन डायऑक्साइडमागे ८० ते ८५ किलोज्यूल लागतात, म्हणजे टनामागे सुमारे १.९ गिगाज्यूल. तिसरा भाग अनेकदा दुर्लक्षित राहतो : द्रावणातले पाणीही उकळते, त्याची वाफ कार्बन डायऑक्साइडबरोबर मनोऱ्याच्या माथ्यावर पोहोचते, तेथे तिला थंड करून परत पाणी करावे लागते आणि तिच्यातली उष्णता थंड करणाऱ्या पाण्याबरोबर वाया जाते. हा भाग सहज एक गिगाज्यूलपर्यंत जातो. तिन्ही मिळून आपल्या पुस्तकातला आकडा येतो.

एक गोष्ट आपण स्वतंत्रपणे ध्यानात ठेवावी. ही ३.६ गिगाज्यूल उष्णता म्हणजे १००० युनिट, पण १००० युनिट उष्णता आणि १००० युनिट वीज यांचे मूल्य सारखे नसते. ही उष्णता ज्या कमी दाबाच्या वाफेतून येते, ती वाफ टर्बाइनमध्ये सोडली असती तर तिच्यापासून साधारण २०० ते २५० युनिटच वीज मिळाली असती. तेवढीच वीज आपण खऱ्या अर्थाने गमावतो. उष्णतेवर चालणारे तंत्र आणि विजेवर चालणारे तंत्र यांची तुलना करताना आधी दोघांचा हिशेब विजेत मांडणे भाग आहे. हे न करता केलेल्या तुलना मला अनेक ठिकाणी दिसतात आणि त्यातून अत्यंत चुकीचे निष्कर्ष काढले जातात.

प्रश्न : नव्या द्रावणांमुळे ऊर्जेचा खर्च बराच कमी होतो, असे दावे केले जातात. ते कितपत खरे मानावेत?

उत्तर : दावे निराधार नाहीत. अमाइनच्या रेणूभोवती अवजड गट जोडून बंध थोडा सैल केला, तर तो तोडायला कमी उष्णता लागते. मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज आणि कान्साई इलेक्ट्रिक यांनी मिळून विकसित केलेले द्रावण याच विचारातून आले. मात्र बंध सैल केला की शोषणाचा वेगही बहुधा मंदावतो आणि मनोरा उंच करावा लागतो. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात गॅरी रोशेल यांच्या गटाने पिपेराझीन या झपाट्याने शोषण करणाऱ्या अमाइनवर दीर्घकाळ काम केले आहे. ते १५० अंशांपर्यंत फारसे न बिघडता टिकते, त्यामुळे वायू मुळातच जास्त दाबाने बाहेर पडतो आणि पुढचा दाबण्याचा खर्च वाचतो. काही द्रावणे कार्बन डायऑक्साइड शोषल्यावर दोन थरांत विभागली जातात, म्हणजे भरलेला थर तेवढाच तापवावा लागतो आणि वर सांगितलेल्या १३ टन पाण्याचा बराच भार हलका होतो. चांगल्या नव्या द्रावणांची गरज अडीच गिगाज्यूलच्या आसपास आली आहे.

तरीही एकटा आकडा पाहून मत बनवू नये. तो किती टक्क्यांच्या धुरासाठी आहे, किती टक्के वायू पकडताना मोजला आहे, वाफ किती तापमानाची लागते आणि ती कुठून येते, हे विचारावे. शेवटचा मुद्दा प्रत्यक्ष उदाहरणाने स्पष्ट होईल. कॅनडातील सास्काचेवान प्रांतात बाउंडरी डॅम येथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या संयंत्राला लागणारी वाफ त्याच वीजसंचाच्या टर्बाइनमधून घेतली जाते, त्यामुळे वीज कमी झाल्याचे सरळ दिसते. टेक्सासमधील पेट्रा नोव्हा प्रकल्पात, जो २०१७ मध्ये सुरू झाला, वाफ आणि वीज पुरवण्यासाठी नैसर्गिक वायूवर चालणारे वेगळे संयंत्र उभारले गेले. तेथे कोळशाच्या संचाची वीज कमी झाली नाही, पण त्या वेगळ्या संयंत्राचा धूर पकडला जात नव्हता. दोन्ही रचनांना अभियांत्रिकीच्या दृष्टीने कारणे होती. कागदावर मात्र त्यांची कार्यक्षमता सारख्या पद्धतीने मांडली जात नाही.

प्रश्न : पाणी शुद्ध करण्यासाठी मेंब्रेन वापरतात. वायूंसाठीही तसे पटल वापरले तर उष्णतेची गरजच उरणार नाही. मग ते सर्वत्र का वापरले जात नाही?

उत्तर : वायूंसाठी पटले वापरात आहेतच. हायड्रोजन वेगळा करणे किंवा नैसर्गिक वायूतील कार्बन डायऑक्साइड काढणे या कामांत ती कित्येक दशके वापरली जात आहेत. धुराच्या बाबतीत अडचण वेगळी आहे.

कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचा व्यास ३.३० अँगस्ट्रॉम धरतात आणि नायट्रोजनचा ३.६४. एवढ्या थोड्या फरकावर चाळून वेगळे करणे कठीण असल्याने येथील बहुलकाची (पॉलिमरची) पटले आकारापेक्षा विद्राव्यतेवर काम करतात : कार्बन डायऑक्साइड पटलाच्या पदार्थात जास्त विरघळतो, म्हणून जास्त पलीकडे जातो. पटल जितके झिरपू देणारे तितके ते कमी निवडक, असा व्यस्त संबंध लॉइड रॉबेसन यांनी १९९१ मध्ये आलेखाने दाखवला आणि २००८ मध्ये नव्या माहितीनुसार सुधारला. पटलांवर काम करणारे आजही प्रत्येक नवा पदार्थ त्या रेषेशी ताडून पाहतात.

परंतु धुरापुरता खरा अडसर निवडक्षमतेचा नाही, दाबाचा आहे. समजा, पटलाच्या अलीकडे एक बार दाबाचा धूर आहे आणि त्यात १३ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. म्हणजे त्या वायूचा स्वतःचा दाब ०.१३ बार झाला. पलीकडच्या बाजूला पंप लावून एकूण दाब ०.२ बारवर आणला. कार्बन डायऑक्साइड पलीकडे तोपर्यंतच जाईल, जोपर्यंत पलीकडचा त्याचा दाब ०.१३ बारहून कमी आहे. ०.२ पैकी ०.१३ म्हणजे ६५ टक्के. पटल कितीही निवडक असो, या परिस्थितीत ६५ टक्क्यांपेक्षा शुद्ध वायू ते देऊच शकत नाही. म्हणून दोन टप्पे लागतात, आणि दुसऱ्या टप्प्यासाठी वायू पुन्हा दाबावा लागतो.

पंपाऐवजी सगळा धूरच ५ बारपर्यंत दाबला तर पटल कमी लागेल, पण मग नको असलेला नायट्रोजनही दाबावा लागतो आणि तो धुराचा सर्वांत मोठा भाग असतो. ६०० मेगावॉटच्या कोळशाच्या वीजकेंद्रातून सेकंदाला सुमारे ५०० घनमीटर धूर बाहेर पडतो, त्यावरून या दाबण्याचा भार ध्यानात येईल. यावर एक चांगला उपाय २०१० मध्ये अमेरिकेतील मेंब्रेन टेक्नॉलॉजी अँड रिसर्च या कंपनीच्या संशोधकांनी मांडला. भट्टीला लागणारी हवा आधी पटलाच्या पलीकडच्या बाजूने वाहू द्यायची. ती कार्बन डायऑक्साइड पुढे ओढून नेते आणि तो भट्टीतून फिरून परत धुरात येतो. धुरातले त्याचे प्रमाण त्यामुळे वाढते आणि त्याला पकडणे स्वस्त होते. पंपाने करायचे बरेच काम येथे नाहीतरी भट्टीकडे जाणारीच हवा करते. मला ही कल्पना या क्षेत्रातील सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

धुरातील ९० टक्के वायू पकडण्याचा आग्रह सोडून ६०-७० टक्क्यांवर समाधान मानले, तर पटलाचा खर्च झपाट्याने उतरतो. सिमेंट किंवा पोलाद उद्योगात, जेथे धुरातले प्रमाण कोळशाच्या धुरापेक्षा जास्त असते, तेथे पटलांचा विचार आधी व्हावा.

प्रश्न : २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्यांसाठी मिळाले. कार्बन पकडण्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत आहे का?

उत्तर : उत्तराचा एक भाग नक्कीच आहे. सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांनी ज्या पदार्थांचा पाया घातला, त्यांची छिद्रे रेणूच्या मापाने घडवता येतात. घन पदार्थाचा पहिला लाभ असा, की त्याच्याबरोबर टनावारी पाणी तापवावे लागत नाही. दुसरा असा, की वायू छिद्रांच्या भिंतींना रासायनिक बंधाविना चिकटत असेल तर तो सोडवायला अमाइनच्या निम्मी किंवा त्याहून कमी उष्णता पुरते.

मात्र प्रयोगशाळेत कोरडा वायू वापरतात आणि धूर ओला असतो. मॅग्नेशियमवर आधारलेली एक प्रसिद्ध जाळी कोरड्या स्थितीत प्रचंड कार्बन डायऑक्साइड धरते, पण ओलावा आला की तिच्या धातूच्या टोकांवर पाणी जाऊन बसते आणि ती निकामी होते. उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या झिओलाइट या सच्छिद्र खनिजांचेही असेच आहे. म्हणूनच कॅलगरी विद्यापीठातील जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने घडवलेली काल्फ-२० ही जाळी महत्त्वाची. जस्त, ट्रायझोल आणि ऑक्झॅलेट अशा साध्या घटकांपासून ती बनते, हवेत सुमारे ४० टक्के सापेक्ष आर्द्रता असेपर्यंत पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडला पसंती देते आणि थेट वाफ सोडून मोकळी करता येते. तिची धारणक्षमता विक्रमी नाही, आणि तिला विक्रम करण्याची गरजही नाही. पदार्थ किती वायू धरतो यापेक्षा एका फेरीत तो किती धरतो आणि किती सहज सोडतो, यावर ऊर्जेचा हिशेब ठरतो.

घन पदार्थांची एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. द्रव नळातून फिरवता येतो आणि त्याची उष्णता दुसऱ्या द्रवाला देता येते. भांड्यात भरलेला घन थर जागचा हलत नाही आणि सावकाश तापतो, सावकाश निवतो. यावर पदार्थाचे पातळ थर फिरत्या चक्रावर बसवून मिनिटाच्या आत फेरी पूर्ण करण्याचे प्रयत्न चालू आहेत. तापवताना दिलेली उष्णता परत मिळवणे हे येथले अजून न सुटलेले काम आहे.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइड थंड केला तर गोठतो. धूर थंड करून तो वेगळा काढता येणार नाही का?

उत्तर : येतो. शुद्ध कार्बन डायऑक्साइड हवेच्या दाबाला उणे ७८.५ अंशांवर गोठतो, परंतु धुरात तो विरळ असल्याने गोठणे उणे १०० अंशांच्या आसपास सुरू होते आणि ९० टक्के काढायचा तर उणे १२० च्या जवळ जावे लागते. बाहेर जाणाऱ्या थंड नायट्रोजनने आत येणारा गरम धूर निववला तर बराचसा खर्च वाचतो, आणि गोठलेला वायू दाबाखाली वितळवून द्रवरूपात मिळत असल्याने तो दाबण्याचे काम पंपावर भागते. रसायनेही लागत नाहीत. अडचण आहे ती थंड पृष्ठभागावर साचणाऱ्या घन थराची, जो उष्णतेचे वहन रोखतो. धुरातले पाणीही आधी काटेकोरपणे काढून टाकावे लागते.

प्रश्न : कारखान्यांच्या मागे लागण्यापेक्षा सरळ हवेतूनच कार्बन डायऑक्साइड का काढू नये?

उत्तर : हवेतील दर २४०० रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू असतो; कोळशाच्या धुरात आठांमागे एक. हवा तीनशे पट विरळ असूनही किमान ऊर्जा तीनशे पटींनी वाढत नाही, कारण ती प्रमाणाच्या लॉगॅरिदमवर अवलंबून असते. ती टनामागे सुमारे १२० युनिट येते. प्रत्यक्षातली गरज मात्र साधारण ५ ते १० गिगाज्यूल आहे. इतक्या विरळ वायूला धरण्यासाठी बंध घट्टच लागतो आणि घट्ट बंध सोडवणे महाग पडते.

शिवाय हवा हलवावी लागते. एक घनमीटर हवेत पाऊण ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. त्यातला दोन तृतीयांश पकडला असे धरले, तर एका टनासाठी वीस लाख घनमीटर हवा यंत्रातून न्यावी लागते. यंत्राने त्या हवेला केवळ १०० पास्कलचा, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या हजाराव्या भागाचा अडथळा केला, तरी पंख्यांना किमान ५५ युनिट वीज लागते. आइसलंडमध्ये २०२१ पासून चालणारे ओर्का संयंत्र भूगर्भातल्या उष्णतेवर चालते आणि त्याची आखणी वर्षाला ४००० टनांची आहे. विमाने, शेती यांसारख्या विखुरलेल्या उत्सर्जनासाठी आणि आधीच हवेत गेलेल्या वायूसाठी या मार्गाची गरज पडेल, यात मला शंका नाही. पण चिमणीतून आठांमागे एक या प्रमाणात बाहेर पडणारा वायू आधी मोकळा सोडायचा आणि मग तोच हवेतून वेचायचा, याला ऊर्जेच्या हिशेबात कोणताही आधार नाही.

प्रश्न : मग सुरुवात कुठून करावी?

उत्तर : जेथे वेगळे करण्याचे काम आधीच झालेले आहे, तेथून. अमोनिया व हायड्रोजनचे कारखाने, आंबवून इथेनॉल बनवणारे कारखाने आणि नैसर्गिक वायू शुद्ध करणारी केंद्रे आपल्या मूळ प्रक्रियेतच जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड बाजूला काढतात. उत्तर समुद्राच्या नॉर्वेकडील भागातल्या स्लाइपनर या नैसर्गिक वायूच्या क्षेत्रात १९९६ पासून असाच वायू समुद्रतळाखाली सोडला जात आहे. विक्रीसाठी नैसर्गिक वायू शुद्ध करताना तो तसाही काढावाच लागत होता.

त्यानंतर सिमेंटचा क्रम लावावा, कारण चुनखडी भाजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड इंधन बदलून टळत नाही. नॉर्वेतील ब्रेविक येथे २०२५ मध्ये सिमेंट कारखान्याला जोडून सुरू झालेले संयंत्र अमाइनवर चालते आणि द्रावण तापवण्यासाठी प्रामुख्याने भट्टीची वाया जाणारी उष्णता वापरते. त्याची क्षमता वर्षाला ४ लाख टनांची, म्हणजे कारखान्याच्या उत्सर्जनाच्या सुमारे निम्मी आहे, आणि वाया जाणारी उष्णता जेवढ्याला पुरते त्यावरूनच ती ठरवण्यात आली. उरलेला निम्मा पकडायचा तर वाफेसाठी वेगळे इंधन जाळावे लागले असते किंवा वीज आणावी लागली असती, आणि तिचाही कार्बन हिशेबात धरावा लागला असता.